काश्मीर ते कन्याकुमारी, सायकलवर, निवांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्रम करायला निघालेल्यांसाठी हे पान नाही. रोज दोनशे किलोमीटर मारायचे असतील तर माहिती वेगळी लागते, आणि मागून येणारी गाडी लागते. इथली उत्तरं रोज साठ-पासष्ट किलोमीटर चालवून, दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठून, संध्याकाळी गावात पायी हिंडणाऱ्यांसाठी आहेत. एखाद्या उत्तराचा पुढचा भाग दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नेमका रस्ता कोणता? किती किलोमीटर भरतात?

राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगर, जम्मू, पठाणकोट, जालंधर, लुधियाना, अंबाला, पानिपत, दिल्ली, मथुरा, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी, नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूरु, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली आणि कन्याकुमारी. अंतर ढोबळमानाने पावणेचार हजार किलोमीटर. निवांत जाणाऱ्याने चार हजार धरावेत, कारण बायपास सोडून गावात शिरणं, एखादा किल्ला बघायला आत वळणं आणि चुकलेली वळणं यातच दोन-अडीचशे जातात. नागपूरपासून खालचा पट्टा म्हणजे जुना सात नंबर हायवे. जुन्या नकाशात ४४ सापडला नाही तर गोंधळू नका.

२. किती दिवस लागतील?

अडीच ते तीन महिने. रोज ६५ किलोमीटरच्या हिशेबाने साठ-बासष्ट दिवस सायकलवर आणि दर पाच-सहा दिवसांनी एक सुट्टी, वर बघण्यात आणि आडवळणांत जाणारे दिवस. "चाळीस दिवसांत नाही का होणार?" होईल की. पण मग रोज शंभर होतात. शंभर किलोमीटर झाल्यावर माणूस लॉजवर पोचून जेवतो आणि झोपतो, गाव बघत नाही. रजा तेवढी नसेल तर प्रश्न २० पाहा.

३. कोणत्या महिन्यात निघावं?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात श्रीनगरहून. या एका निर्णयावर अर्धी सहल अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तोवर उत्तरेतला पाऊस ओसरलेला असतो आणि काश्मिरात सफरचंदांची तोड सुरू असते. थंडी असते, पण बोटं आखडणारी नसते. ऑक्टोबरच्या मध्याला तुम्ही पंजाब-हरियाणा ओलांडून दिल्लीपाशी येता. हे महत्त्वाचं, कारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे भाताचे खुंट जाळतात आणि त्या धुरात रोज पाच तास छाती भरून श्वास घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. डिसेंबर-जानेवारीत त्याच पट्ट्यात दाट धुकं असतं आणि ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला नागपूर, महिनाअखेरीस हैदराबाद, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरु. तामिळनाडूत परतीचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, पण तुम्ही पोचता तेव्हा त्याचा भर बहुतेक ओसरलेला असतो. नाताळाच्या सुमारास कन्याकुमारी.

गंमत अशी की हे वेळापत्रक सावकाश जाणाऱ्यालाच जमतं. याच दिवशी निघून भरभर गेलात तर तामिळनाडूच्या ऐन पावसात सापडाल.

४. खालून वर गेलं तर?

जाता येतं. पण मग जानेवारीत निघून मार्चअखेर पंजाब आणि एप्रिलमध्ये काश्मीर असं बसवावं लागतं, आणि मध्य भारतात उन्हाची तिरीप लागायला सुरुवात होते. शिवाय सगळ्यात मोठा चढ सहलीच्या शेवटी येतो. मला वरून खालीच आवडतं.

५. माझं वय ५८ आहे, रोज भाजी आणायला सायकल वापरतो. जमेल का?

वयापेक्षा सलग दिवसांची सवय महत्त्वाची. एका रविवारी शंभर किलोमीटर मारणाऱ्यापेक्षा सलग चार दिवस रोज साठ चालवून पाचव्या सकाळी कुरकुर न करता उठणारा या सहलीला लायक. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. मग चार-पाच महिने सराव.

रंगीत तालमीसाठी आपल्या कोकणच्या सागरी रस्त्यासारखी जागा नाही: रेवदंडा, मुरुड, आगरदांड्याहून जंगलजेट्टीने (फेरीबोटीने) दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेसवी, तिथून दापोली, दाभोळहून धोपावे, गुहागर. चढ छोटे पण असे खडे की हायवेवरचे चढ नंतर लाजतात. सामान लादूनच जा. रिकाम्या सायकलवरची तालीम ही तालीम नव्हे. गुहागरला पोचून "आणखी चार दिवस जाऊ शकतो" असं वाटलं तर तुम्ही तयार आहात.

६. सायकल कोणती घ्यावी?

साधी गिअरची हायब्रिड. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, चौकटीला कॅरिअर बसवायला भोकं असलेली, चढासाठी मागे गिअरची मोठी चकती असलेली. कार्बनची रोड बाइक नको, तिच्यावर सामान बसत नाही. पुढे शॉक-अब्सॉर्बर असलेली एमटीबी (माउंटन बाइक) चालेल, पण जड पडते. घरात चांगल्या अवस्थेतली सायकल असेल तर नवी घेऊ नका. तिच्यात टायर, चेन, ब्रेक शू आणि केबल नवे टाका. सीट मात्र तीच ठेवा जिच्यावर तुम्ही सराव केलात. निघायच्या आठवड्यात नवी सीट बसवणाऱ्यांचं काय होतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

७. सामान किती?

पाण्याखेरीज दहा-बारा किलो, सगळं मागच्या कॅरिअरवरच्या दोन पॅनियरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत. पाठीवर सॅक घेऊ नका. सायकलवरचे दोन आणि संध्याकाळचा एक असे कपड्यांचे तीन जोड पुरतात. काश्मीरसाठी गरम जॅकेट, टोपी, हातमोजे न्या आणि पठाणकोटहून पार्सल करून घरी पाठवून द्या, पुढे दोन महिने ओझं वाहू नका. तंबू? या रस्त्यावर गरज नाही (प्रश्न १२). स्टोव्ह तर मुळीच नको, दर दहा किलोमीटरवर चहा मिळतो.

८. पंक्चर काढता येत नाही. वाटेत दुकानं असतात ना?

असतात, भरपूर. तरी पंक्चर शिकूनच निघा, कारण ते नेमकं दोन गावांच्या मधे होतं. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, ॲलन कीचा जुडगा, चेन तोडायचं हत्यार, चेनचा जोड आणि चार स्पोक बरोबर ठेवा.

दुकानांबाबत खरी अडचण व्हॉल्व्हची. आपल्या गावठी सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटारसायकलचा वेगळा, आणि महागड्या सायकलींना येणारा बारीक प्रेस्टा वेगळा. लखनादौनला एका दुकानदाराने माझ्या प्रेस्टाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, मग डोळ्याजवळ नेऊन पाहिलं, आणि म्हणाला, "भैया, इसमें हवा जाती कहाँ से है?" त्याच्याकडे तीन पंप होते, एकही बसेना. खिशात पन्नासेक रुपयांचा पितळी ॲडॅप्टर होता म्हणून काम झालं. तो बसवला की पेट्रोल पंपावरची हवाही चालते. असे दोन घ्या, एक हरवतोच. हायब्रिडच्या ७०० मापाच्या ट्यूब-टायर लहान गावात मिळत नाहीत, त्यामुळे जालंधर, ग्वाल्हेर, नागपूर, हैदराबाद, बंगळूरु, मदुराई अशा शहरांत सायकल तपासून घ्यावी.

९. सायकल श्रीनगरपर्यंत न्यायची कशी?

दोन वाटा.

रेल्वे: पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू तवी. तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर सायकल लगेज म्हणून नोंदवा, पार्सल म्हणून नको. पार्सल मागाहून कधी येईल ते सांगता येत नाही. तीन तास आधी पार्सल ऑफिसात जा. हँडल आणि पॅडल काढून गोणपाटात शिवा. नाव, फोन, कुठून-कुठे हे जाड मार्करने पुठ्ठ्यावर लिहून दोन्ही बाजूंनी बांधा. आरसा, दिवा, बाटली, पंप काढून घ्या, नाहीतर ते पोचत नाहीत. जम्मूहून पुढे टेम्पो किंवा बस. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे आणि ती चिनाब पूल ओलांडते. स्वतः तिने जाऊन सायकल टेम्पोने पाठवणारेही आहेत.

विमान: सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचा खोका मागून आणा. टायरमधली हवा कमी करा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, हत्यारं चेक-इनमध्ये.

१०. काश्मीरमध्ये परवाना लागतो का? फोन चालतो का?

या महामार्गासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. आधार कार्ड वर ठेवा, तपासणीला सारखं लागतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघायच्या पंधरा दिवस आधी नंबर पोस्टपेड करून घ्या, हे हमखास विसरलं जातं. रामबन ते बनिहाल पट्ट्यात दरडी कोसळून रस्ता बंद होतो, म्हणून रोज सकाळी वाहतूक पोलिसांची सूचना पाहूनच निघावं. लष्कराच्या गाड्यांचा ताफा आला की कडेला उतरून उभं राहा, फोटो काढू नका.

बाकी हा पट्टा घाईने उरकायचा नाही. पांपोरला केशराची शेतं आहेत, अवंतीपोऱ्याला नवव्या शतकातल्या मंदिराचे अवशेष थेट रस्त्याला लागून आहेत, आणि संगमजवळ दुतर्फा बॅटींची दुकानं. विलोच्या फळ्या गच्च्यांवर, अंगणांत, भिंतींवर थप्प्या लावून वाळत टाकलेल्या असतात. क्रिकेट आवडत असेल तर इथे तासभर मोडणारच.

११. बोगद्यांचं काय? पटनीटॉप टाळता येतो का?

काझीगुंड-बनिहाल बोगदा साडेआठ किलोमीटरचा आणि चेनानी-नाशरी सव्वानऊ किलोमीटरचा. दोन्हीत सायकल चालवायची नाही असं धरूनच बेत आखा. काझीगुंडला सायकल पिकअपमध्ये टाकून पलीकडे उतरा.

नाशरीला मात्र पर्याय आहे आणि तो घ्यावा: बटोतवरून पटनीटॉप चढून कुद, चेनानी असा जुना रस्ता. रामबनला तुम्ही चिनाबच्या काठी खोल दरीत असता आणि पटनीटॉप दोन हजार मीटरवर, तेव्हा हा सगळ्या सहलीतला मोठा चढ. दोन दिवसांत फोडा, मुक्काम बटोतला करा. चढाआधी पीडा नावाच्या वस्तीत राजमा-चावल खाऊन घ्या. बारक्या टपऱ्यांची रांग आहे. वाफाळता भात, त्यावर बारीक दाण्यांचा राजमा, त्यावर तूप आणि बाजूला अनारदाण्याची आंबट चटणी. तुपाला नाही म्हणू नका, पुढे चढ आहे. बोगदा झाल्यापासून जुन्या रस्त्यावर वाहनं कमी आहेत, देवदारांतून जवळजवळ एकट्याने जाता येतं. उतारावर कुदला पटीसा ही मिठाई गरम मिळते.

१२. मुक्काम कुठे करायचा? आधी बुकिंग करावं का?

आधी बुकिंग फक्त श्रीनगर, दिल्ली आणि कन्याकुमारीचं. बाकी ठिकाणी आधी पैसे भरले की त्या गावी पोचायचं बंधन येतं आणि निवांतपणा संपतो. जम्मूपासून अंबाल्यापर्यंत गुरुद्वारे आहेत. डोकं झाकून आत जा, सेवादारांना विचारा, लंगरमध्ये जेवा, आणि जेवल्यावर भांडी घासायला बसा. पुढे धर्मशाळा आणि बसस्टँडजवळचे लॉज. पैसे ठरवायच्या आधी "सायकल खोलीत घेऊ द्याल का?" हे विचारा. नाही म्हणाले तर तळमजल्यावर कोंडून ठेवायची जागा बघा. चार वाजले आणि गाव लांब असेल तर पेट्रोल पंपावर विचारावं. बऱ्याचदा ऑफिसच्या मागे पथारी टाकायला मिळते आणि संडास-पाण्याची सोय असते.

१३. हायवेवर सायकल म्हणजे जीव धोक्यात घालणं नाही का? आणि बंदी नाही का?

बंदी एक्सप्रेसवेवर असते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकी चालत नाही, तसंच. बंगळूरु-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवरूनही ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बाहेर काढलं आहे. ४४ नंबर बहुतेक ठिकाणी साधा चौपदरी महामार्ग आहे, त्यावर सायकल चालते आणि टोल लागत नाही. फलक मात्र वाचत जा. कुठे सायकलला मनाई लिहिली असेल तर सर्व्हिस रोड धरा.

धोका खरा आहे. तो कमी करायला चार गोष्टी पुरतात: उजेडातच चालवा, उजव्या हँडलला आरसा लावा, मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा, अंगावर भडक रंग घाला. मागून येणाऱ्या ट्रकपेक्षा समोरून उलट्या बाजूने, तुमच्याच कडेने येणारी मोटारसायकल जास्त घातक असते, विशेषतः ढाब्यांच्या आसपास. तिच्यासाठी डावीकडे उतरू नका, वेग कमी करून जागेवर थांबा. ती वळसा घालून जाते. अपघात झाला तर महामार्गाची हेल्पलाइन १०३३, आणि ११२.

१४. दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु कशी पार करायची?

दिल्ली: रविवारी, उजाडताना. सिंघू सीमेवरून आत शिरून नऊच्या आत बदरपूर गाठा. शहराला वळसा घालणारे एक्सप्रेसवे सायकलसाठी नाहीत. हैदराबाद: मेडचलकडून येऊन सिकंदराबादला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे शमशाबादकडून बाहेर. बंगळुरात शिरूच नका, नातेवाईक असतील तर गोष्ट वेगळी. देवनहळ्ळीहून सुलिबेले, होसकोटे, मालूर असं गावांमधून होसूरला उतरा. द्राक्षांचे मळे, रेशमाची गावं, आणि हॉर्न जवळजवळ नाहीत.

१५. खर्च किती येतो?

एकट्याने, लॉजवर राहून, ढाब्यावर जेवून दिवसाला हजार ते पंधराशे रुपये धरा. दोघं असाल तर खोली वाटली जाते आणि माणशी आठशे-नऊशेत भागतं. अडीच महिन्यांचे लाखभर रुपये आणि वर जाण्यायेण्याचा प्रवास. महागडी सायकल यात धरलेली नाही, आणि ती घेऊही नका.

१६. बूड दुखतं. गुडघे दुखतात. सरळ विचारतो, काय करायचं?

सरळच सांगतो. पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही. शिवणी घासून कातडं सोलतं. निघताना पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावा. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम अंघोळ आणि शॉर्ट धुणं, चहा नंतर. पहिला आठवडा दुखतंच, मग कातडं सरावतं. नवी सीट असेल तर ते सरावणं पुन्हा पहिल्यापासून. गळू आलं तर दोन दिवस थांबा. बसत-बसत पुढे ढकललेलं गळू दहा दिवस खातं.

गुडघ्यांचं कारण बहुतेक वेळा सीटची उंची. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. त्याहून सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. आणि हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा, जड गिअर रेटू नका. उन्हाच्या दिवसांत चार-पाच लिटर पाणी आणि एखादं ओआरएसचं पाकीट. नुसतं पाणी पिऊन रात्री पायात गोळे येतात.

१७. मी बाई आहे, एकटी जाणार आहे. घरचे नाही म्हणतात.

बायका एकट्याने हा रस्ता करतात. घरच्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्या हाती काहीतरी द्या: लाइव्ह लोकेशन, रोज संध्याकाळी पोचल्याचा फोन, आणि वाटेतल्या शहरांतल्या सायकल क्लबच्या एकेका माणसाचा नंबर. मुक्कामाला उजेडात पोचा. ढाब्यावर उद्या कुठे जाणार ते विचारलं तर पुढचं गाव सांगू नका, त्याच्या पुढचं सांगा. लॉजमध्ये खोलीची आतली कडी आधी बघा, मग पैसे द्या. गुरुद्वारे आणि आश्रम याबाबतीत सर्वात बिनघोर. स्वच्छतागृहासाठी मोठ्या कंपन्यांचे पेट्रोल पंप गाठा. पाळीच्या दिवसांत सुट्टी तिकडे सरकवा, ठरावीक वाराला चिकटून राहू नका.

दक्षिणेत, विशेषतः तामिळनाडूत, फुलं विकणाऱ्या आणि इडलीच्या गाड्या चालवणाऱ्या बायका तुम्हाला थांबवून चौकशी करतील. त्यांचं ऐका, मुक्कामाची चांगली माहिती तिथेच मिळते.

१८. कुत्रे, वाघ, चंबळचे डाकू?

कुत्रे: पळू नका. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे जा. त्यांना धावणारी चाकं खटकतात, माणूस नाही.

वाघ: सिवनीहून नागपूरकडे येताना रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे. त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा, आणि खालून वाघ जातानाचे कॅमेरा-ट्रॅपचे फोटो आहेत. तुम्ही दहा ते तीनच्या दरम्यान हा पट्टा पार करा आणि लघवीलाही झाडीत शिरू नका. माकडं खरी डोकेदुखी. केळी पॅनियरच्या वर बांधू नका.

डाकू: नाहीत. धौलपूर-मुरैना पट्ट्यात भीती वाळूच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धरा, त्या ब्रेक नसल्यासारख्या चालवतात. चंबळच्या पुलावर थांबून खाली बघा, वाळूवर मगरी-सुसरी पडलेल्या दिसल्या तर नशीब. मग मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची मिठाई.

१९. मराठी माणसाने वाटेत काय चुकवू नये?

हा माझा आवडता प्रश्न, कारण ४४ नंबर म्हणजे बऱ्याच अंशी अठराव्या शतकातल्या मराठ्यांच्या धावपळीचा रस्ता आहे.

पानिपत तर ऐन हायवेवर. १४ जानेवारी १७६१ ची लढाई जिथे झाली तिथलं 'काला आम' स्मारक शहरापासून काही किलोमीटर आत, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाग, कठडा, एक स्तंभ, एवढंच. आजूबाजूला सपाट शेतं आहेत. त्या मैदानात आडोसा म्हणून काहीच नाही, हे सायकलवरून जाताना जसं कळतं तसं गाडीतून कळत नाही. अर्धा दिवस ठेवा.

ग्वाल्हेरला शिंद्यांचा राजवाडा सगळे बघतात. फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे, तिथेही जा. १८५८ मध्ये त्या ग्वाल्हेरलाच पडल्या. दोन दिवसांनी झाशीचा किल्ला, आणि झाशीहून ओरछा एका सकाळीच्या अंतरावर. बेतवेच्या काठी सुट्टीचा दिवस तिथे काढा. सागर आलं की पेशव्यांचे बुंदेलखंडातले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांची आठवण ठेवा.

कर्नूल-अनंतपूरच्या मधे गुत्ती. हायवेवरूनच डोंगर दिसतो. मुरारराव घोरपड्यांचा हा किल्ला, आणि पायऱ्या सायकलवाल्याच्या पायांना नकोशा वाटतील इतक्या. तरी चढा. पुढे कोडिकोंड्याहून आत वळलं की लेपाक्षी. तिथे मराठी धागा नाही, पण अखंड दगडातला नंदी आहे.

आणि तीन दिवस हाताशी असतील तर करूरहून हायवे सोडा आणि तिरुचीमार्गे तंजावर गाठा, मग पुदुक्कोट्टैवरून मदुराईला परत या. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे. बालबोध लिपीत, बोट फिरवत वाचता येतो. एवढी सायकल चालवून तिथे पोचलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर पडत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत.

२०. एवढी रजा मिळत नाही.

चार तुकडे करा: श्रीनगर-दिल्ली, दिल्ली-नागपूर, नागपूर-बंगळूरु, बंगळूरु-कन्याकुमारी. प्रत्येकाला दोन ते तीन आठवडे. या पाचही ठिकाणांना रेल्वे आहे. एकच तुकडा करायचा असेल तर नागपूर-हैदराबाद करा, दहा दिवसांत होतो: बुटीबोरी, जांब, हिंगणघाट, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बायका असतात. पुढे निर्मलला लाकडी खेळणी, आणि सोनजवळ गोदावरी पुलाखालून जाते, आपल्या त्र्यंबकेश्वरची.

२१. तेलुगू, कन्नड, तमिळ येत नाही. अडेल का?

आदिलाबादपर्यंत हिंदी-मराठीवर, तेलंगणात दखनी हिंदीवर निभतं. रायलसीमेपासून खाली इंग्रजी शब्द आणि हातवारे. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, तमिळमध्ये तण्णी. तमिळनाडूत 'साप्पाडु' म्हटलं की केळीच्या पानावर भात येतो आणि पोट भरेपर्यंत येतच राहतो. गावांची नावं त्या-त्या लिपीत कागदावर लिहून घ्या. बसच्या पाट्या वाचता आल्या की रस्ता चुकत नाही.

२२. आजारी पडलो आणि दोनशे किलोमीटर बसने गेलो, तर ही मोहीम 'पूर्ण' धरायची का?

कोण धरणार आणि कोण नाही धरणार? प्रमाणपत्र हवं असेल तर ते देणाऱ्या संस्थेचे नियम आधी वाचा, तिथे एक किलोमीटरही गाळून चालत नाही. निवांत सहलीला हा प्रश्नच लागू नाही. काझीगुंडला पिकअपमध्ये बसलातच (प्रश्न ११).

२३. ई-सायकल चालेल का?

रस्त्यावर चालेल, चार्जिंग ढाब्यावर होतं. विमानाने मात्र नेता येत नाही: १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि ई-सायकलची बॅटरी त्याहून मोठीच असते. ट्रान्सपोर्टने श्रीनगरला आधी पाठवावी लागेल. बॅटरी संपल्यावर पंचवीस किलोची सायकल पटनीटॉपला ढकलायची तयारी ठेवा.

२४. दक्षिणेत चढ-उतार किती? वारा लागतो का?

बंगळूरु पठारावर, नऊशे मीटरवर. होसूरनंतर उतरण सुरू होते. धर्मपुरी आणि सेलमच्या मधे तोप्पूरचा घाट येतो. लांब, सरळ, वेग पकडायला लावणारा उतार, आणि याच कारणाने तिथे ट्रकचे भीषण अपघात झाले आहेत. आदल्या दिवशी धर्मपुरीला ब्रेक शू बदला. सकाळी लवकर, डाव्या कडेने, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे सोडत-दाबत उतरा. मागून ट्रकचा हॉर्न लांबून आणि सलग ऐकू आला तर रस्ता सोडून थांबा. कदाचित त्याचे ब्रेक लागत नसतील.

मदुराईनंतर सपाट. कोविलपट्टीला शेंगदाण्याची कडलेमिठाई, तिरुनेलवेलीला हलवा. त्यापुढे मुप्पंदलची पवनचक्क्यांची रांग. मे ते सप्टेंबर तिथला आडवा वारा सायकल ढकलून देतो, डिसेंबरात तो जोर नसतो. तुम्ही प्रश्न ३ प्रमाणे निघाला असाल तर काळजी नको.

२५. कन्याकुमारीला पोचल्यावर? सायकल परत कशी आणायची?

मुक्कामाला विवेकानंदपुरम चांगलं, विवेकानंद केंद्राची खोली आधी नोंदवा. समोरचं शिलास्मारक १९७० साली पूर्ण झालं आणि त्यामागे एकनाथ रानडे होते, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. स्मारक आणि तिरुवळ्ळुवरांचा पुतळा यांना जोडणारा काचेचा पूल डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला. नाताळात बोटीची रांग प्रचंड असते, पहिली बोट पकडा. सायकल बोटीवर घेत नाहीत, ती काठावर कुलूप लावून ठेवा.

परतीला पुण्यापर्यंत थेट एक्सप्रेस आहे, किंवा नागरकोइलहून मुंबईची गाडी, किंवा तिरुवनंतपुरमहून नेत्रावती. नाताळ-नववर्षाची तिकिटं हातोहात संपतात, म्हणून अंदाजे तारखेची दोन वेगवेगळी तिकिटं आधीच काढून ठेवा आणि नको ते रद्द करा. पॅकिंग प्रश्न ९ प्रमाणेच. कन्याकुमारीत गोणपाट शोधत बसू नका, नागरकोइलच्या बाजारात मिळतं, तेव्हा येतानाच घेऊन कॅरिअरला बांधा.